आईचे विचार आणि मुलांचं सावरणं: पालकसत्रात नेमका कोणता सराव द्यावा?

निंबोणी
चौथी-पाचवीतल्या मुलांच्या आयांसाठी शाळेत दीड तासाचं सत्र आहे. अपयश आलं की मूल कसं सावरतं आणि त्यात आईच्या विचारांचा, स्वतःला आवरण्याचा वाटा किती, हा विषय. 'शांत राहा' हे सगळ्यांना पटतं, पण चाचणीचा पेपर हातात पडला की पुन्हा तेच ओरडणं सुरू होतं. घरी करता येईल असं काय द्यावं? आणि सगळं खापर आईवर फुटू नये, हे कसं सांभाळावं?

अश्वत्थ
'शांत राहा' म्हटलं की आई फक्त चेहरा आवरते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत हेच दिसलं: भावना दाबली तर ती चेहऱ्यावर कमी दिसते, पण शरीरातला ताण तेवढाच राहतो, काही बाबतींत वाढतो. तुटक उत्तरं, ताठरलेले खांदे मुलाला बरोबर कळतात. म्हणून काम विचारावर करायला हवं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलीच आहे, तीच वापरा.

'२५ पैकी ११' ही घटना. 'याला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर याचं काही खरं नाही' हा दृष्टिकोन. संताप येतो तो या दृष्टिकोनातून. सत्रात प्रत्येकीला स्वतःचं 'च'वालं वाक्य कागदावर लिहायला लावा. मग ते बदलायचं: 'जास्त मिळाले असते तर मला आवडलं असतं. मिळाले नाहीत. वाईट वाटतंय, पण यातून मार्ग निघतो.' इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'गुणांना काय महत्त्व!' असं लिहिणं. आईला ते स्वतःलाच पटत नाही, मग टिकत नाही.

घरी क्रम असा: पेपर खाली ठेवायचा. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. बदललेलं वाक्य मनात म्हणायचं. मगच मुलाशी बोलायचं, तेही आधी त्याला काय वाटतंय यावर. चुका कुठे झाल्या ते जेवणानंतर, आणि एका वेळी एकच गणित. 'असं का केलंस?' हा प्रश्न टाळा. त्यावर मूल उत्तर शोधत नाही, बचाव शोधतं.

सायली_के
यात काळजीचा भाग जोडा. घाबरणारी आई मुलाची वाट इतकी मोकळी करते की सावरायची वेळच येत नाही. वही विसरली, आई शाळेत पोचवते. बाईंशी बोलायचंय, आईच बोलते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांसोबत काम करणारी उपचारपद्धत बनवली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांची चिंता कमी करण्यात ती मुलांवरच्या थेट उपचाराइतकीच उपयोगी ठरली.

मदतीची एकच सवय निवडा. ती कधीपासून बंद होणार हे मुलाला आधी, शांत वेळी सांगा: 'तुला भीती वाटते हे मला कळतं, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.' वाक्याचे दोन्ही भाग हवेत. पहिलंच म्हटलं तर भीती खरी ठरते, दुसरंच म्हटलं तर मूल एकटं पडतं. सुरुवातीला रडणं वाढतं. तिथे माघार घेतली तर जोरात रडल्यावर आई येते, एवढंच मूल शिकतं. म्हणून सवय छोटी निवडा.

मोगरा
खापराबद्दल. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत चांगल्या माय-लेकरांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात. महत्त्व आहे ते पुन्हा जुळण्याला. आयांना हे सुरुवातीलाच सांगा. ओरडून झालं तर त्याच दिवशी, थोडक्यात: 'मी ओरडले. ते चुकलं. तुझ्या गणिताचं उद्या बघू.' 'पण तू सुद्धा…' जोडलं की माफी पुसली जाते. आणि आईने रडत माफी मागू नये, नाहीतर मुलावरच तिला समजवायची वेळ येते.

दुसरं, हवाईतल्या काउआई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. बिकट परिस्थितीतूनही सावरलेल्या मुलांच्या पाठीशी बहुधा कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी, कुणीही. त्यामुळे सत्राला बाबांना आणि आजीलाही बोलवा. अपुरी झोप, घरातली मारहाण, पैशांची ओढाताण असताना श्वास मोजून भागत नाही. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल, तर त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.