‘कोरोप्लेथ’ला मराठीत काय म्हणायचं?

नकाशेखोर: जनगणनेच्या आकड्यांवरून महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा करतोय. लीफलेट या वेब-नकाशांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, ब्राउझरात उघडणारा. जिल्ह्यावर माउस नेला की आकडा दिसतो. पाट्या मराठीत हव्यात आणि गाडी पहिल्याच पाटीवर अडलीय. आकड्याप्रमाणे फिकट-गडद रंग भरलेल्या नकाशाला इंग्रजीत ‘कोरोप्लेथ’ म्हणतात. ‘रंगछटा नकाशा’ चालेल का? आणि ‘इंटरॅक्टिव्ह’चं काय करायचं?

भूगोलवाली: अहो, शब्द आहे की! नववीच्या भूगोलात ‘वितरणाचे नकाशे’ हा धडा आहे. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत. तुमचा तो क्षेत्रघनी. आमची पोरं पेन्सिलीने रेघा मारून भरतात, रेघा दाट तर आकडा मोठा. कोणती छटा म्हणजे किती हे सांगणाऱ्या कोपऱ्यातल्या ‘लेजंड’ला सूची म्हणा.

शब्दकिडा: क्षेत्रघनीला माझंही मत. ग्रीक ‘खोरा’ म्हणजे प्रदेश, ‘प्लेथॉस’ म्हणजे गर्दी. असा नकाशा फ्रान्समधल्या शिक्षणाचा शार्ल दुपँने 1826मध्येच काढला होता. नाव मात्र जॉन कर्टलंड राइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने 1938मध्ये दिलं. ‘रंगछटा’ नको, उंची दाखवणाऱ्या नकाशातही छटाच असतात. शिवाय ‘घनी’ म्हटलं की नुसती संख्या नाही, घनता रंगवायची हे लक्षात राहतं. 2011ला ठाणे जिल्ह्यात 1 कोटी 10 लाख माणसं, मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम 31 लाख. नुसती लोकसंख्या रंगवलीत तर मुंबई शहर फिकट पडेल! घनता बघा: मुंबई शहर चौरस किलोमीटरला 19,652, ठाणे 1,157, गडचिरोली 74.

नकाशेखोर: पकडलंत. लोकसंख्याच रंगवली होती, बदलतो. आता दुसरं दुखणं. पालघर राखाडी येतोय. तिथे ‘शून्य’ लिहू का?

भूगोलवाली: शून्य कसलं! शून्य म्हणजे तिथे माणूसच नाही. पालघर 1 ऑगस्ट 2014ला ठाण्यातून वेगळा झाला; तुमच्या सीमा 36 जिल्ह्यांच्या आणि आकडे 35 जिल्ह्यांचे. म्हणजे ठाण्याचा आकडाही खोटाच दिसतोय, सीमा नवी आणि माणसं जुन्या अख्ख्या जिल्ह्याची. 2011च्या सीमा घ्या. राखाडी कुठे उरलाच तर ‘आकडे नाहीत’ लिहा. ‘माहिती अनुपलब्ध’ नको, ते कचेरीच्या दारावर शोभतं.

शब्दकिडा: ‘इंटरॅक्टिव्ह’ला ‘परस्परसंवादी’ लिहितात. मला ते पटत नाही. नकाशा कुठे आपल्याशी बोलतो? आपणच त्याला बोटाने ढोसतो.

भूगोलवाली: मग शब्दच कशाला? ‘जिल्ह्यावर माउस न्या किंवा बोट टेकवा’ एवढं लिहा. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

नकाशेखोर: झालं. वर ‘लोकसंख्येची घनता, 2011’, खाली बारीक अक्षरात ‘क्षेत्रघनी नकाशा’, कोपऱ्यात ‘सूची’. जाता जाता रायगडही सापडला. जनगणनेच्या इंग्रजी यादीत तो ‘रायगढ’ आहे, म्हणून नावावरून सीमा आणि आकडे जोडताना गळत होता. आता माउस नेल्यावर उघडते ती चौकट राहिली. टूलटिपला ‘टिपण’ म्हणू का?

शब्दकिडा: म्हणा. उच्चारही जवळचा.