जुना रेंजफाइंडर: भाव चालण्याला की चकाकीला?

रीळवाला
रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवायची यंत्रणा असलेले जुने कॅमेरे, जमवणाऱ्यांचं गणित मला पटत नाही. लायका या जर्मन कंपनीचा एम3 1954 मध्ये आला आणि दोन लाखांहून जास्त बनले, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. तरी मूळ खोका असला, वरच्या प्लेटवर ओरखडा नसला की भाव चढतो. आत शटरची काय अवस्था आहे, कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याचं वंगण आळून जातं. एक सेकंदावर लावून बटण दाबा, शटर उघडतं आणि मिटायचं नावच घेत नाही! कोपऱ्यांवर पितळ दिसणारा, पण नुकतंच सर्व्हिसिंग झालेला कॅमेरा महाग असायला हवा.

जपणूक
सर्व्हिसिंग कधीही होतं. मूळ रंग एकदा गेला की गेला. 2022 मध्ये जर्मनीतल्या वेट्झलरच्या लिलावात लायकाचे जनक ऑस्कर बारनाक यांचा स्वतःचा झीरो-सीरीज (विक्रीआधी चाचणीसाठी बनवलेला) कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. घेणाऱ्याने तो रीळ भरायला घेतला असेल का?

रीळवाला
त्यात रेंजफाइंडरची यंत्रणा होती कुठे? अंतर अंदाजाने लावायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर लायकात 1932 ला आला. शिवाय तिथे भाव बारनाकच्या नावाला होता. तुमच्या-माझ्या एम3ला ते लागू करू नका.

भिंगबुवा
नावावर भाळणाऱ्यांसाठी: फेड आणि झोर्की हे लायकासारखे सोव्हिएत कॅमेरे खरवडून, वर 'लायका' कोरून, सोनेरी मुलामा देऊन विकलेले ढीगभर आहेत. लेन्स काढा आणि आत वर बघा. रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला लायकात छोटं गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. बाहेरून कितीही नटवा, हे सहसा कुणी बदलत नाही.

जपणूक
मान्य. पण रीळवाले, चालणाराच हवा असेल तर कंपनीने 2022 मध्ये एम6 पुन्हा काढलाय. हमीसकट घ्या की! जुन्याच्या मागे कशाला?

रीळवाला
कारण एम3चा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. त्यातून दृश्य खऱ्याच्या 0.91 पट दिसतं, नव्या एम6मधून 0.72. दोन्ही डोळे उघडे ठेवून 50 मिमी लेन्सने फोटो काढून बघा. हा फरक कपाटातल्या कॅमेऱ्याला कळत नाही.

जपणूक
आणि तोच व्ह्यूफाइंडर धक्का सोसत नाही. आतल्या प्रिझमचे काचेचे तुकडे बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेले असतात. कॅमेरा आपटला, जोड सुटला की मधली चौकट काळी. मग बरेचदा दुसरा एम3 उघडून त्याचा प्रिझम काढतात. वापरणाऱ्यांचा एक वाचवायला आमच्यातला एक मरतो, हे कोण मोजतं?

रीळवाला
तो दुसरा बहुतेक आधीच बंद पडलेला असतो. शटरचा पडदा फाटलेला, लेन्सला बुरशी. त्याचा प्रिझम तरी कामी आला.

जपणूक
'बहुतेक' म्हणालात. उरलेल्यांचं काय?