विषय: मे महिन्याचे अभिवाचन – चहानंतर ॲडम्सचे कोणते पुस्तक?

प्रेषक: अण्णा (वाचनकट्टा)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
25 मेच्या आठवड्यातील शनिवारचे इंग्रज लेखक डग्लस ॲडम्सच्या पुस्तकांचे अभिवाचन दोन भागांत करायचे, एवढे मागच्या बैठकीत ठरले आहे. पूर्वार्धाविषयी वाद नाही. त्याच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या विनोदी विज्ञानकथामालेच्या पहिल्या दोन पुस्तकांतील उतारे माईंनी मराठीत आणले आहेत आणि ते चाळीस मिनिटांत बसतात. चहानंतरची पंचवीस मिनिटे मात्र अजून मोकळी आहेत, आणि सभागृह सहाला रिकामे करून द्यायचे असल्यामुळे तिथे एकच उतारा घेता येईल. पत्रिका गुरुवारी छापायला जाते, तेव्हा कृपया मुद्द्याचे लिहावे. 25 मे हा ॲडम्सच्या चाहत्यांचा ‘टॉवेल दिन’, तेव्हा टॉवेल ज्याचा त्याने आणावा. गेल्या वेळी मंडळाचे दोन टॉवेल परत आले नाहीत.

प्रेषक: नाना (हॅरो)

अण्णा, यात विचारायचे ते काय? 1982 चे त्याच मालेतले तिसरे पुस्तक, ‘लाइफ, द युनिव्हर्स अँड एव्हरीथिंग’. पृथ्वी नष्ट होण्याच्या दोन दिवस आधी नायक लॉर्ड्सच्या मैदानावर येऊन पडतो, पांढऱ्या पोशाखातले यंत्रमानव ॲशेस पळवून नेतात, आणि क्रिकेट म्हणजे एका महाभयंकर आकाशगंगीय युद्धाची इंग्रजांच्या रक्तात उरलेली पुसट आठवण आहे, असे आपल्याला कळते. आपल्या श्रोत्यांना याहून जवळचे दुसरे काही सापडणार नाही. शिवाय त्या मैदानावर एक यान उभे असते. ते अदृश्य नसते. ‘ही आपली डोकेदुखी नव्हे’ असे पाहणाऱ्याच्या मेंदूला पटवून देणारे एक क्षेत्र त्याच्याभोवती असते, एवढेच. कार्यक्रम संपला की आपल्या सभागृहातील खुर्च्यांभोवतीही तेच क्षेत्र तयार होते, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे.

चौथ्या पुस्तकाचे नाव मात्र कोणी काढू नये. 1984 साली ते एकदाचे पूर्ण व्हावे म्हणून संपादक सनी मेहता, म्हणजे मूळचे दिल्लीचेच, लेखकाबरोबर हॉटेलात मुक्कामाला राहिले आणि त्याला लिहायला बसवले. ती घाई पुस्तकात पानोपानी दिसते.

प्रेषक: माई

नानांनी सांगितलेली गंमत खरी आहे, पण ती सुरुवातीच्या काही प्रकरणांपुरती आहे. हे कथानक ॲडम्सने आधी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेसाठी योजले होते, तिथे ते नाकारले गेले. मग विश्व वाचवायला निघालेल्या कर्त्या नायकाच्या जागी त्याला आपली पात्रे बसवावी लागली, आणि त्यांतल्या मुख्य पात्राला बरा चहा मिळण्यापलीकडे विश्वाकडून फारशी अपेक्षाच नाही. वाचताना हे कदाचित जाणवणार नाही, अनुवाद करताना मात्र तो सांधा बोटाला लागतो.

माझ्या मते ॲडम्स मुळात कानासाठी लिहिणारा लेखक. 8 मार्च 1978 रोजी रात्री साडेदहा वाजता बीबीसी रेडिओ फोरवर ‘हिचहायकर्स गाइड’चा पहिला भाग गेला, तेव्हा पुस्तक नव्हतेच. ते 1979 च्या ऑक्टोबरात आले. त्या पहिल्या मालिकेच्या वेळी निर्माते जेफ्री पर्किन्स मागे उभे होते, आणि अखेरचे दोन भाग लिहिताना ॲडम्स अडला तेव्हा जॉन लॉइड मदतीला बसले. म्हणून पहिल्या दोन पुस्तकांतले वाक्य जिभेवर घेतले की आपोआप चालू लागते. पृथ्वी पाडायला आलेल्या व्होगॉन या परग्रहवासीयांची याने आकाशात कशी लटकली होती, हे सांगताना त्याने विटांची उपमा दिली आहे, आणि तीही अशी की विटा जे कधीच करत नाहीत नेमके तेच ही याने करत होती. मराठीत ‘जशा’ आणि ‘तशी’ लावले की श्रोता लगेच लटकलेल्या विटा पाहू लागतो, आणि नकार येईपर्यंत फार उशीर होतो. अखेर मी वाक्य तोडले, मध्ये एक श्वास ठेवला आणि ‘विटांना हे जमत नाही’ एवढेच म्हटले. तेव्हा कुठे आमच्या घरात कोणीतरी हसले.

हा कान त्याला पुन्हा सापडला तो ‘लास्ट चान्स टू सी’मध्ये. ती विज्ञानकथा नव्हे, हे मला ठाऊक आहे. मार्क कारवार्डाइन या प्राणिशास्त्रज्ञासोबत नामशेष होऊ घातलेले प्राणी पाहण्यासाठी केलेला तो प्रवास आहे, आणि तोही आधी रेडिओवर आला. पुस्तक 1990 चे. त्यातले यांगत्से नदीच्या डॉल्फिनचे प्रकरण माझ्याकडे मराठीत तयार आहे. बरोबर बावीस मिनिटे लागतात.

प्रेषक: वहिनी (बालवर्ग)

माई, ते प्रकरण मी वाचले आहे, आणि म्हणूनच लिहिते आहे. पाण्याखालचा आवाज टिपण्यासाठी योग्य मायक्रोफोन जवळ नसल्यामुळे साधाच मायक्रोफोन निरोधात घालायचे ठरते, आणि मग शांघायमध्ये खाणाखुणा करत त्याची खरेदी चालते. आपल्याकडे पहिल्या दोन रांगांत बालवर्गाची मुले बसतात आणि त्यांच्या मागे भारतातून आलेले आजी-आजोबा. तो शब्द व्यासपीठावरून कोण उच्चारणार? ‘रबरी पिशवी’ म्हणावे, नाहीतर तेवढा भाग गाळावा.

प्रेषक: बापू (रेडिंग)

वहिनी, ‘रबरी पिशवी’ म्हटले तर सगळ्यांना कंबर शेकायची पिशवी आठवेल, आणि ती नदीत का सोडली हे मुले घरी पोहोचेपर्यंत विचारत राहतील. आजी-आजोबांची काळजी तर मुळीच करू नये. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाशेजारी तो शब्द त्यांनी गावोगावच्या भिंतींवर वाचलेला आहे. संकोच झाला तर तो आपल्या पिढीला होईल.

माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वार्धातून घर पाडण्याच्या नकाशांचा उतारा वगळल्याचे कळले. नायकाचे घर पाडायचा नकाशा म्हणे जाहीरपणे मांडलेला होता. फक्त तो तळघरात, वापरात नसलेल्या शौचालयातल्या कुलूपबंद कपाटात होता आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. आमच्या गावी रस्ता रुंदीकरणात आमची ओसरी गेली. हरकती मागवणारी नोटीस फलकावर लागली होती, हे नंतर खरेच निघाले. फक्त तो फलक जिन्याखालच्या खोलीत होता आणि त्या खोलीत निवडणुकीचे सामान असल्यामुळे तिला कुलूप होते. वडिलांना ती नोटीस दिसली तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. ॲडम्सचा तो प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसलो नाही. वडिलांना फोन करून वाचून दाखवला. हसले ते.

आणि 1992 च्या पाचव्या पुस्तकाविषयी, ‘मोस्टली हार्मलेस’विषयी, नाना आणि माई दोघेही गप्प का? सगळ्या शक्यतांमधल्या सगळ्या पृथ्व्या एकदम पुसून टाकणारा तो शेवट मला त्याच्या लेखनातला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

प्रेषक: नाना (हॅरो)

बापू, प्रामाणिक कसला? ज्या फेनचर्चसाठी, म्हणजे नायकाच्या प्रेयसीसाठी, त्याने चौथे पुस्तक खर्ची घातले, तिला पाचव्यात जाता जाता नाहीसे करून टाकले आहे. तो शेवट फार उदास झाला, हे पुढे स्वतः ॲडम्सनेही मान्य केले होते. तो इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसचा भक्त, आणि आपल्या पु.लं.नाही वुडहाउसचे वेड होते. पण वुडहाउसने वाचकाला अशा उजाड माळावर कधी सोडले नाही. वुडहाउसच्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या कादंबरीला प्रस्तावना लिहिणारा ॲडम्स 11 मे 2001 रोजी एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्याही संगणकात एक अपुरी कादंबरी होती. मला राग येतो तो याचा. चौथ्या पुस्तकातला बिस्किटांचा प्रसंग मात्र उत्तम आहे, एवढे मी मागे घेतो.

लॉर्ड्सचा उतारा मी तीन वर्षांपूर्वी कोजागिरीला वाचला होता आणि तो रंगला होता, याची नोंद असावी.

प्रेषक: माई

नाना, नोंद आहे, आणि म्हणूनच तो पुन्हा नको.

वहिनी, खरेदीचा भाग गाळता येणार नाही, आणि त्याचे कारण विनोद हे नाही. एवढा आटापिटा करून मायक्रोफोन पाण्यात जातो आणि वर ऐकू येते ती केवळ बोटींच्या यंत्रांची अखंड घरघर. तो डॉल्फिन जवळजवळ आंधळा; नदीत त्याला वाट दाखवतो तो फक्त आवाज. दुकानातल्या प्रसंगावर हसत असलेला श्रोताच त्या घरघरीपाशी एकदम थांबतो. आधी हसू नसेल तर ते नुसते पर्यावरणावरचे भाषण होईल. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे ती नदी पालथी घातली, तेव्हा एकही डॉल्फिन दिसला नाही. हे एक वाक्य मी शेवटी माझ्या पदरचे घालणार आहे, ॲडम्सचे नव्हे, आणि तसे सांगूनच.

तो शब्द मी स्वतः उच्चारेन. बापूंचा नकाशांचा उतारा पूर्वार्धात परत घेते, त्याला चार मिनिटे लागतील.

प्रेषक: वहिनी (बालवर्ग)

माईच वाचणार असतील तर माझी हरकत नाही. चहानंतर मी मुलांना खालच्या खोलीत चित्रे काढायला बसवते. ज्यांना वर राहायचे असेल त्यांनी राहावे; पुढच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आईवडिलांनी द्यावीत.

प्रेषक: अण्णा (वाचनकट्टा)

उत्तरार्धात डॉल्फिन, असे पत्रिकेत छापतो आहे. खुर्च्यांसाठी नाना आणि बापू यांची नावे लिहिली आहेत. पूर्वार्ध आता चव्वेचाळीस मिनिटांचा झाल्यामुळे चहाला पंधराऐवजी अकरा मिनिटे उरतात, आणि बटाटेवड्याची रांग अकरा मिनिटांत कधीच संपलेली नाही. स्वयंपाकघर समितीने काय करता येईल ते उद्यापर्यंत कळवावे.