हलकी चाकं टाकली, पुढून बसवली, मागून उचलली... आणि आता हँडल फडफडतंय

अर्धा_क्लच:

मोटारसायकल साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, बिनकाउलची. कागदावर रेक (हँडलच्या आसाचा उभ्यापासूनचा कल) २५ अंश, ट्रेल (तो आस जमिनीला टेकेल त्याच्या किती मागे चाक टेकतं ते अंतर) १०० मिमीच्या आसपास, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४३० मिमी. हेल्मेट-जॅकेटसकट माझं वजन ८२ किलो.

तक्रार जुनीच. नागमोडी रस्त्यावर डावीकडून झटकन उजवीकडे टाकायची म्हटलं की ही बाई ऐकायची नाही. ऐंशीच्या पुढे तर हँडलशी कुस्तीच. म्हणून वापरलेली, पण सरळ असलेली फोर्ज्ड ॲल्युमिनियमची चाकं घेतली. घरी काट्यावर ठेवली: पुढचं ४.६ किलोवरून ३.५, मागचं ६ वरून ४.७ (टायर, डिस्क सोडून).

आता गाडी उघडलेलीच होती, तर हातासरशी फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्या टीमधून (त्यांना वर पकडणाऱ्या क्लॅम्पमधून) १२ मिमी वर सरकवल्या. मागे मोनोशॉकच्या (मागच्या एकाच शॉकॲब्सॉर्बरच्या) लिंकच्या पट्ट्या बदलल्या, त्याने मागचा भाग २० मिमी उचलला गेला. टायरही नवे. सगळं एकाच शनिवारी.

पहिला अर्धा तास स्वर्ग! नुसतं बघितलं की गाडी वळत होती. मग एका वळणातून बाहेर पडताना गॅस दिला, डांबराच्या ठिगळावरून पुढचं चाक गेलं आणि हँडलने तीन-चार वेळा डावं-उजवं केलं. आपणहून थांबलं, पण पोटात गोळा आला. शिवाय अगदी हळू यू-टर्न घेताना हँडल आतल्या बाजूला पडू बघतं.

मित्र म्हणतो स्टिअरिंग डँपर (हँडलचे झटके जिरवणारा दट्ट्या) लाव. मला वाटतंय चाकं जास्तच हलकी झाली. चाकं परत काढू का?

नुसतीच_हवा:

चाकं काढण्याआधी टायरमधली हवा बघा. नवे टायर बसवताना रिमवर बसावेत म्हणून जास्त हवा मारतात आणि तशीच राहून जाते. चाकं बॅलन्स केलीत का? आणि नव्या टायरचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत जरा दमानं.

जुना_कोनसेट:

चाकांना सोडा हो, ती बिचारी निर्दोष आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलोय आणि वर डँपरही लावलाय. डँपरने फडफड लपली आणि सहा महिने मला खरं दुखणं सापडलं नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आधी चाकांचा हिशेब. १२०/७० चा सतरा इंची टायर म्हणजे त्रिज्या साधारण ३०० मिमी. ताशी १०० किमीला ते चाक मिनिटाला जवळपास ८८५ फेरे मारतं. टायर-डिस्कसकट पुढच्या चाकाचं जडत्व ०.५ किग्रॅ-वर्ग मीटरच्या जवळपास धरा. गाडी सेकंदाला ५७ अंशांच्या वेगाने आडवी टाकली, तर चाकाच्या भिंगरीपणामुळे हँडलवर ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास उलटा जोर येतो. ७० सेंटीमीटरच्या हँडलवर तो प्रत्येक हाताला साडेसहा किलोचा झाला. हीच तुमची कुस्ती. वेग वाढला की ती त्याच प्रमाणात वाढते, म्हणून ऐंशीच्या पुढे जाणवायची.

तुम्ही १.१ किलो काढलंत. ते सगळं रिममधूनच गेलं असं धरलं तरी तिथली त्रिज्या जेमतेम २० सेंटीमीटर, म्हणजे जडत्व फार तर ९ टक्क्यांनी उतरलं. हाताला अर्धा-पाऊण किलोची सुटका. ती छान जाणवते, पण तेवढ्याने हँडल फडफडत नाही. आणि हळू यू-टर्नला तर भिंगरीपणा नगण्यच असतो, तरी तिथेही हँडल पडतंय म्हणता. तिथेच चाकं निर्दोष सुटली.

(अवांतर: वजन कमी करायचंच तर टायरकडेही बघा. टायरचं वजन २७ सेंटीमीटरवर फिरतं आणि जडत्व त्रिज्येच्या वर्गात वाढतं. टायरमधला अर्धा किलो हा रिममधल्या पाऊण किलोला भारी पडतो. चाकं विकणारे हे सांगत नाहीत.)

आता कोनांचा हिशेब. नळ्या १२ मिमी वर म्हणजे पुढचा भाग उभ्यात ११ मिमी खाली. त्यात मागचे २० वर. १४३० च्या व्हीलबेसवर ३१ मिमीचा फरक म्हणजे सव्वा अंश. तुमचा रेक पावणेचोवीसवर आला. ट्रेल १०१ धरला तर तो ९४ वर आला, म्हणजे ७ टक्के गेला. चाक सरळ करायला जो हात मागून खेचत असतो तो हा ट्रेल. तो सगळ्या वेगांना लागू, यू-टर्नलाही.

आणि या सातात नळ्यांचा वाटा अडीचचा. बाकीचा सगळा मागच्या पट्ट्यांचा! बहुतेक लोक फोर्कला शिव्या घालतात आणि २० मिमी उचललेलं ढुंगण विसरतात. त्या पट्ट्यांचं आणखी एक आहे. मागून गाडी उचलली की स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) उतार वाढतो. गॅस दिला की साखळीची ओढ आणि चाकाचा रेटा मिळून मागचा भाग बसू देत नाहीत. वळणातून बाहेर पडताना मूळची गाडी थोडी मागे बसायची, रेक आपोआप थोडा वाढायचा. आता ती बसत नाही. पुढच्या चाकावरचा भार मात्र गॅसमुळे उतरलेला. ट्रेल कमी, भार कमी, खाली ठिगळ. दुसरं काय होणार?

चाकं तीच ठेवा. मागच्या पट्ट्या मूळच्या लावा. नळ्यांना आज हात लावू नका. त्याच रस्त्यावर, त्याच हवेने, त्याच वेगाने जाऊन या आणि वहीत लिहा. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) मात्र आधी बघा: पुढचं चाक अधांतरी करून फोर्क खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. टक् टक् लागलं तर तिथूनच सुरुवात.

वळणवेडा:

काका, +१, पण भिंगरीबद्दल एक जोडतो. भिंगरीमुळेच दुचाकी उभी राहते असं बरेच जण समजतात. डेव्हिड जोन्स यांनी १९७० साली सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक लावून ते उलटं फिरवलं. भिंगरीचा परिणाम जवळजवळ शून्य, तरी त्यांना ती चालवता आली. हात सोडून मात्र जमेना. २०११ मध्ये तर भिंगरी आणि ट्रेल दोन्हींचा आधार काढूनही आपणहून तोल सांभाळणारी छोटी दुचाकी संशोधकांनी करून दाखवली. वजन कुठे ठेवलंय यावर बरंच असतं. त्यामुळे 'चाकं हलकी झाली म्हणून गाडी अस्थिर झाली' हे मलाही पटत नाही.

अर्धा_क्लच:

काका, दंडवत! पण एक शंका. बुएल कंपनीच्या एक्सबी९आर या मोटारसायकलचा रेक २१ अंश आणि ट्रेल ८३ मिमी होता, व्हीलबेस तर १३२० च्या आसपास. ती चालते आणि माझी ९४ वर थरथरते?

जुना_कोनसेट:

प्रश्न चोख आहे. ती गाडी त्या आकड्यांवर जन्माला आली, तुमची शनिवारी दुपारी त्या दिशेने ढकलली गेली. त्या गाडीत पेट्रोल फ्रेममध्ये, इंजिनचं तेल स्विंगआर्ममध्ये, वजन सगळं मधोमध गोळा केलेलं. पुढे एकच डिस्क, तीही थेट रिमला जोडलेली. ब्रेकचा पीळ आऱ्यांमधून जात नाही, म्हणून चाक हलकं करता आलं. फ्रेमही भक्कम. तिचा ८३ तिच्या बाकीच्या अंगाला शोभतो.

आणि कागदावरचा आकडा म्हणजे गाडी उभी असतानाचा. तुम्ही बसल्यावर पुढून ४५ मिमी आणि मागून २० मिमी दबत असेल, तर नाक आणखी खाली. सॅग (तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मोजलाय का? सर्वसाधारण रस्त्याला पुढे ३५ ते ४० आणि मागे ३० ते ३५ मिमी, इथून सुरुवात करतात. सॅग न मोजता नळ्या सरकवणं म्हणजे उंबरठा न बघता दार तासणं.

हो, नळ्या १२ मिमीवर ठेवल्यात तर पूर्ण दाबल्यावर मडगार्ड रेडिएटरला लागत नाही ना, तेही बघा. मी बघितलं नव्हतं. मडगार्डवर अजून ओरखडा आहे.

अर्धा_क्लच:

उशिरा लिहितोय, पण वही घेऊन आलोय.

कोनसेटमध्ये टक् टक् होतंच. अगदी बारीक, कान लावून ऐकावं लागलं. घट्ट केला. सॅग पुढे ४७ निघाला, मागे २६. म्हणजे काकांनी अंदाजाने सांगितलेलं नाक माझ्या गाडीत खरंच खाली होतं. पुढे प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून ३८ वर आणला. मागच्या पट्ट्या मूळच्या. हवाही जास्तच होती (नुसतीच_हवा, तुम्हालाही दंडवत).

फेरी १, नळ्या १२ वर: ठिगळावर फडफड नाही. यू-टर्न ठीक. डावं-उजवं करताना हलकीच वाटते, म्हणजे चाकांचे पैसे फुकट गेले नाहीत.

फेरी २, नळ्या शून्यावर: वळताना किंचित आळशी, सरळ रस्त्यावर दगडासारखी स्थिर. जुन्या चाकांपेक्षा तरीही बरी.

फेरी ३, नळ्या ५ वर: इथेच ठेवली. १२ आणि ५ मधला फरक डोळे बांधून ओळखता येईल का, प्रामाणिकपणे सांगतो, नाही.

डँपर घेतला नाही. २० मिमीच्या पट्ट्या टेबलावर पडल्यात. दहाच्या करून बघू का?

जुना_कोनसेट:

मोह होणारच. मागचा सॅग नव्या पट्ट्या काढल्यावर परत मोजलात, की २६ हा आधीचाच आकडा?

अर्धा_क्लच:

...आधीचाच. टेप घेऊन खाली जातो.