किताब ‘रिक्त’ होतो का?

अनुवादक : व्यावसायिक कुस्तीतल्या एका राष्ट्रीय किताबाचा इतिहास मराठीत आणतो आहे. तक्त्यात विजेता, तारीख, किती दिवस राखला, पुढे कुणाकडे गेला असे रकाने आहेत. मध्ये दोनदा किताब कुणाकडेच नाही. तिथे ‘रिक्त’ लिहिलं, तर ते नोकरीच्या जागेसाठी म्हणून खोडलं गेलं. ‘माजी हिंदकेसरी’लाही आक्षेप आला. काय लिहावं?

लाल माती : आक्षेप बरोबर आहे. १९५९ साली दिल्लीत बंता सिंगला हरवून श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर झाले. म्हणून खंचनाळे ‘माजी’ ठरले नाहीत. दोघेही अखेरपर्यंत हिंदकेसरीच. स्पर्धा जिंकली की किताब जन्माचा. महाराष्ट्र केसरीतही तसंच. चंद्रहार पाटील २००७ आणि २००८चे ‘डबल’, नरसिंग यादव आणि विजय चौधरी ‘ट्रिपल’. आपण वेळा मोजतो, दिवस नाही.

कोशवाला : म्हणूनच हिंदकेसरी हे बिरुद आणि व्यावसायिक कुस्तीतलं, विजेत्याच्या कमरपट्ट्याचं ते विजेतेपद. बिरुद मिरवायचं असतं, विजेतेपद राखायचं असतं. ‘किताब’ दोन्हीकडे वापरल्याने घोळ होतो. मुळात तो अरबी ‘खिताब’. पुस्तकाचा ‘किताब’ वेगळ्या धातूचा. मराठीने ‘ख’चा ‘क’ केला आणि दोन्ही एकाच कपाटात गेले. माझं मत, ‘किताब’ सोडून द्यावा.

लाल माती : सोडून कसा द्यायचा? फडात निवेदक ‘किताबाची लढत’च म्हणतो. वापर चालतो तो शब्द खरा.

तक्तेकरी : ‘रिक्त’च्या जागी कारण लिहा. विजेतेपद मोकळं होण्याची कारणं ठरलेली असतात : दुखापत, ठरलेल्या मुदतीत लढत न देणं, कंपनी सोडणं, वादग्रस्त निकाल. ‘दुखापतीमुळे सोडलं’ आणि ‘मुदतीत लढत न दिल्याने काढून घेतलं’ यात केवढा फरक आहे! ‘रिक्त’मध्ये तो बुडतो. दुसरी अडचण ‘हरला’ची. अशा कुस्तीत विजेता रिंगणाबाहेर राहून पंचाच्या मोजणीत किंवा नियमभंगाने बाद झाला, तर सहसा लढत हरतो पण पट्टा त्याच्याकडेच राहतो. नुसतं ‘हरला’ लिहिलंत तर वाचक पुढच्या ओळीत नवा विजेता शोधत बसेल. ‘बाद; विजेतेपद कायम’ असं लिहा. आणि ‘पट्टा’ नीट छापा, ‘पठ्ठा’ झालं तर वस्तादाचा चेला होतो.

अनुवादक : आणि ‘चितपट’ चालेल?

लाल माती : नाही. मातीत पाठ लागली की कुस्ती निकाली. व्यावसायिक कुस्तीत पंच तीन मोजेपर्यंत खांदे दाबून धरावे लागतात आणि दोन मोजल्यावर खांदा उचलला की लढत पुढे चालू. सगळा खेळ त्या तिसऱ्या आकड्यावर. ‘चितपट’मध्ये ती मोजणी येतच नाही.

कोशवाला : ‘व्यावसायिक’ही तपासा. इनामावर लढणारा आपला पैलवान व्यावसायिक नाही का? निकाल आधी ठरलेल्या खेळाला ‘प्रदर्शनी कुस्ती’ म्हणावं.

जुना मुंबईकर : मुंबईत त्याला ‘फ्रीस्टाइल’ म्हणत. दारासिंग १९५४ साली रुस्तम-ए-हिंद झाले, २९ मे १९६८ला मुंबईतच अमेरिकन पैलवान लू थेझशी लढले, ते सगळं लोकांच्या तोंडी फ्रीस्टाइल. वर्तमानपत्रांतली ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ तिथूनच आली.

लाल माती : आणि नुकसान तिथेच झालं! ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये ठोसा मारला तर कारवाई होते. १९६२ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती मानेंनी सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. त्या शब्दाला हाणामारीचा अर्थ चिकटवणं अन्याय आहे.

जुना मुंबईकर : अन्याय असेल, पण अर्थ रुजला आहे. कोशात दोन्ही अर्थ द्यावे लागतील.

कोशवाला : पहिला कुठला द्यायचा, ते सांगा.

लाल माती : कुस्तीचाच.

जुना मुंबईकर : आजच्या बातम्या चाळून बघा आणि मग ठरवा.