एल्मिनाची कॅथलिक शाळा: स्थापनेचं साल कोणतं धरायचं?

सदरवाला_नागपूर
नमस्कार मंडळी. आमच्या वाचक मंडळात जुन्या मिशन शाळांवर बैठक आहे. आपली नागपूरची एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा (१८७०) घेतलीच आहे, जोडीला घानातल्या एल्मिनाची कॅथलिक शाळा घ्यायची आहे. पण कुठे १८८० दिसतं, कुठे १८८३. खरं कोणतं? आणि अस्सल कागद कुठे सापडतील?

जुनी_पानं
दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १८ मे १८८० ला सोसायटी ऑफ आफ्रिकन मिशन्सचे (एसएमए) फादर मोरो आणि फादर म्युरा एल्मिनाला उतरले. हे मिशनचं साल. म्युरा त्याच वर्षी वारले. १८८३ च्या अखेरीस ओएलए (अवर लेडी ऑफ अपॉसल्स) संघाच्या सिस्टर्स, म्हणजे जोगिणी आल्या. मुलींच्या शाळेचा हिशोब तिथून धरा.

तिसरी तारीख लोक विसरतात, ती म्हणजे सरकारी अनुदानाची. गोल्ड कोस्टमध्ये (घानाचं तेव्हाचं, ब्रिटिश वसाहतीतलं नाव) १८८२ च्या कायद्याने मिशन शाळांना अनुदान मिळण्याची सोय झाली, पण ते निकालावर. इन्स्पेक्टर परीक्षा घेणार, पास झालेल्या मुलांनुसार पैसे. म्हणून पटावरची संख्या, सरासरी हजेरी आणि पास झालेली मुलं हे तीन आकडे वेगळ्या रकान्यात लिहा. एकत्र केले की शाळा एका वर्षात दुप्पट झाल्यासारखी दिसते, आणि तसं काही झालेलं नसतं.

परीक्षा इंग्रजीत, फादर फ्रेंच, गाव फांटे बोलणारं. त्यात १८७२ पर्यंत तिथला किल्ला डचांकडे. या शाळेची सगळी ओढाताण इथे आहे, बैठकीत यावरच वेळ द्या.

दफ्तरदार
कागदांचं सांगतो. सरकारी बाजू घानाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, अक्रा आणि केप कोस्टला. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल 'एडीएम ५' या मालिकेत शोधा. मिशनची बाजू रोमला, एसएमएच्या मुख्य अभिलेखागारात. घरबसल्या पाहायचं तर फ्रान्सच्या ल्यों शहरातलं 'ले मिसियों कातोलिक' हे साप्ताहिक गॅलिका या फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मात्र त्यातली पत्रं देणगीदारांसाठी छापलेली, म्हणून आकडा तिथून उचलला तर सरकारी अहवालाशी ताडून घ्याच. शोधताना शाळेच्या आजच्या नावावर अडून राहू नका, 'रोमन कॅथलिक मिशन, एल्मिना' असंही टाकून बघा.

जुनी_पानं
एक राहिलं. एसएमएचे संस्थापक ब्रेसियाक हे आधी आपल्याकडे कोइम्बतूरला बिशप होते. स्थानिक माणसांतून धर्मगुरू घडवावेत हा आग्रह त्यांनी इथेच धरला. १८५६ ला ल्योंमध्ये संस्था काढली, १८५९ ला पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाऊनला पोचले आणि सहा आठवड्यांत पीतज्वराने गेले. नागपूरच्या श्रोत्यांसमोर सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

सदरवाला_नागपूर
खूप आभार दोघांचे. तीन रकान्यांचा तक्ता आजच आखतो, साल मिशन आणि मुलींची शाळा असं वेगवेगळं लिहितो.