बाबाचे इओसिनोफिल ३८ टक्के, गोळ्या खाऊनही उतरत नाईत, मदत हवी आहे

सोंगणीवाला: बाबाच्या रक्तात इओसिनोफिल (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) ३८ टक्के निघाले. आधी जंताच्या गोळ्या झाल्या, मंग हत्तीरोगाच्या २१ दिवस, काहीच फरक नाई. दमा आहेच. कोणाले दाखवू, लवकर सांगा जी, सोयाबीन सोंगाले आलं अन मी दवाखान्यातच बसून आहो.

लॅबवाली ताई: नुसत्या टक्क्यानं काय कळते भाऊ? एकूण पांढऱ्या पेशी किती? वय? दमा कवापासून?

कडूनिंब: माह्या मामाले असंच होतं, जंतच निघाले. निंबाचा रस द्या सकाळी.

लॅबवाली ताई: दादा, जंताचं झालं न त्याईचं, वाचा तरी.

सोंगणीवाला: पेशी १८ हजार. वय ५२. दमा तीन सालापासून, आधी कधीच नव्हता. नाकातलं मांस काढलं होतं. अन आठ दिवसापासून डावा पाय वर उचलत नाई, चालता चालता चप्पल मागं राहून जाते अन त्याईले पत्ताच नाई. कमरेची शीर असंल म्हणून लिहिलं नव्हतं.

लॅबवाली ताई: हेच आधी सांगायचं न! १८ हजाराचे ३८ टक्के म्हणजे ६,८४०, नॉर्मल ५०० पर्यंत. मोठेपणी लागलेला दमा, नाकात मांस, एवढे इओसिनोफिल अन पडलेला पाय, एवढं एकत्र आलं की ईजीपीए नावाचा रोग आहे का ते पाहाच लागते. जुनं नाव चर्ग-स्ट्रॉस, १९५१ मध्ये या दोन डॉक्टरायनं सांगितलेला. बारीक रक्तवाहिन्या सुजतात, नसेले रक्त पोचत नाई अन पाय पडतो. सेवागराम नाईतर नागपूर मेडिकल, आजच निघा. एएनसीए (रक्ताची तपासणी), लघवी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), नसेची तपासणी, लागली तर बायोप्सी. एएनसीए निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका, निम्म्याहून जास्त पेशंटले ती निगेटिव्हच असते. इको चुकवू नका, हा रोग हृदयाले धरतो.

कडूनिंब: म्हणजे स्टेरॉइड देतील. हाडं ठिसूळ होतात त्यानं.

लॅबवाली ताई: पाय अन हृदय गेल्यावर हाडाचं काय करता? स्टेरॉइडच पहिलं औषध आहे यात. पण मोठा डोस चालू व्हायच्या आधी एका खास जंतासाठी संडास तपासतात, तो अंगात राहिला तर स्टेरॉइडनं जीवावर येते.

पंपवाला: दम्याचा पंप घेतल्यावर गुळण्या करत जा, तोंड येत नाई.

आर्वीकर: सोयाबीनची फिकर करू नको, गाव सांग, हार्वेस्टर पाठवतो.

सोंगणीवाला: ताई, दम लागला की बाबा गावात सुई घेतात. चिठ्ठीवर डेक्सा लिहिलं आहे. काल रात्रीच घेतली.

लॅबवाली ताई: ते स्टेरॉइडच होय. त्यानं इओसिनोफिल धपकन पडतात, आता रक्त काढलं तर कमी दिसंल अन डॉक्टर फसंल. ३८ टक्क्यावाला कागद अन ती चिठ्ठी दोन्ही सोबत न्या, सुई कवा घेतली ते पयले सांगा.

सोंगणीवाला: दोन्ही थैलीत टाकले. तीनच्या एसटीनं निघतो. आर्वीकर भाऊ, नंबर मेसेज करा.